सरळ रेघांचा बिघाड

४ जानेवारी, शनिवार

निवृत्त झाल्यावर काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पंपहाउसवर फोरमन म्हणून रोज पाळी संपताना शेरे लिहून लिहून बोटं झिजली: दोन नंबर पंप गरम होतोय, तीन नंबरचा व्हॉल्व्ह गळतोय. पण सवय जात नाही, आणि आता बिघाड घरातच निघालाय.

सकाळी हिने आतून हाक मारली. "अहो, हा स्क्रीन बघा हो जरा. रेघा लचकतायत."

ही एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी करते. आडवे शब्द, उभे शब्द, मध्ये काळी घरं. पूर्वी चौकटींच्या कागदावर पेन्सिलीने करायची, आता कॉम्प्युटरवर करते. तिचं म्हणणं असं की चौकटीच्या मधल्या रेघा सरळ न जाता वाळत घातलेल्या दोरीसारखा झोल खातात. मी बसून पाहिलं. रेघा अगदी सरळ होत्या. मी उठलो, ती बसली, तर म्हणे पुन्हा लचकल्या.

"चष्मा पूस."

"दोनदा पुसला. मला खुळी समजू नका."

तसं समजायचं कारणच नाही. कधी असतो कधी नसतो, असल्या बिघाडाला आम्ही पंपहाउसवर 'पाहुणा' म्हणायचो. साहेब आले की मशीन गुणी बाळासारखं चालायचं, साहेबांची पाठ वळली की खडखडाट सुरू. पाहुण्याला पकडायची रीत एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी कशाला हात लावायचा नाही, आणि काय फरक पडतो ते बघायचं. ज्यांनी चार गोष्टी एकदम बदलल्या त्यांनी आजवर काहीही दुरुस्त केलेलं नाही.

उद्यापासून लागतो मागे. खरं सांगायचं तर बऱ्याच महिन्यांनी असं हुशार वाटतंय.

५ जानेवारी, रविवार

संशयित पहिला: व्हिडिओ ड्रायव्हर. हा ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं आणि स्क्रीन यांच्यातला दुभाषा. डोक्याने सांगायचं इथे रेघ काढ, आणि याने ते स्क्रीनला त्याच्या भाषेत समजावायचं. आमचा दुभाषा फारच जुना निघाला. नवा उतरवून घेतला, बसवला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

स्क्रीन काळा ठिक्कर. आत पंखा फिरतोय, दिवा लुकलुकतोय, पण समोर काही नाही.

ही दारात उभी राहून म्हणाली, "चला, आता निदान लचकत तरी नाहीत."

मला हसू आलं नाही. कोडं बुधवारी द्यायचं असतं, आणि या आठवड्याचं अर्धं कोडं त्या काळोखात अडकलंय.

६ जानेवारी, सोमवार

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुकानदाराला फोन केला. आम्ही त्याला 'डबल गॅरंटी' म्हणतो, कारण कुठलीही वस्तू दाखवली की तो छातीवर हात ठेवून तेच म्हणतो. त्याने सेफ मोडचा रस्ता सांगितला. सेफ मोडमध्ये कॉम्प्युटर कमीत कमी सामानावर चालू होतो, आजारी माणूस पेजेवर राहतो तसा. तिथून नवा ड्रायव्हर काढून टाकला, जुना परत बसवला. दुपारपर्यंत स्क्रीन उजळला आणि जीव भांड्यात पडला.

फक्त सगळं अवाढव्य दिसत होतं. अक्षरं बोटाएवढी, आणि कोड्याची चारच घरं मावतील इतकी जागा. रेझोल्यूशन खाली घसरलं होतं. मी ते नीट करायला बसलो तर ही मागून म्हणाली, "राहू द्या ना असंच. छान मोठं दिसतंय."

"अगं, छान काय? गोल काढला तर अंडं दिसेल. स्क्रीन त्याच्या मापाने चालला पाहिजे."

नीट करून दिलं. ती खुर्ची पुढे ओढून नाक स्क्रीनला टेकेल इतक्या जवळ बसली. तिला म्हटलं, लांब बस, डोळे खराब होतील.

९ जानेवारी, गुरुवार

दोन घटना.

एक. रेघा अजून लचकतातच. मी चिकाटीने निरीक्षण केलंय: मी खुर्चीत बसलो की बिघाड जातो, ती बसली की येतो. म्हणजे तिच्या बसण्यात काहीतरी आहे. कोपर टेबलावर टेकल्यावर मागची केबल दबत असणार. उद्या नवी केबल.

दोन. मिशी गेली. आरशासमोर कातरत असताना डोक्यात केबलचा विचार होता, डावी बाजू जास्त उडाली. उजवी तिच्या बरोबरीला आणली, मग ती जास्त उडाली. डगमगणाऱ्या टेबलाचे पाय कापत जावं तसं होत होत ओठ साफ झाला. लग्नाच्या फोटोतसुद्धा असलेली मिशी. आरशात कोणीतरी परका इसम उभा होता.

चहाला हिच्यासमोर जाऊन बसलो. म्हटलं, आता पोट धरून हसेल. हिने कप सरकवला, माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघितलं आणि विचारलं, "साखर पुरे का?"

इतकंच. रागावली असणार. चार दिवस कॉम्प्युटरचा ताबा माझ्याकडे आहे, तिचं काम खोळंबलंय. पण म्हणून नवऱ्याचा चेहरा बदलला तरी तोंडातून शब्द नाही? मग मीही हट्टाला पेटलो. आपण होऊन सांगायचं नाही. बघू कधी विचारते.

१२ जानेवारी, रविवार

नवी केबल बसवली. टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. कोपर टेकायला उशी दिली. फरक शून्य.

शिवाय ही हल्ली तिरपी बसते. तोंड खिडकीकडे, स्क्रीन डोळ्याच्या कोपऱ्यात. म्हणे मान अवघडते. मग खुर्चीची उंची बदलली, आणि मग माझंच मला वाईट वाटलं, कारण एका दिवसात दोन गोष्टी बदलल्या गेल्या. चाचणी बाद.

संध्याकाळी स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता तिने विचारलं, "या फरशा सरळ बसवल्यात ना हो?"

"म्हणजे काय! मी स्वतः दोरी धरून बसवून घेतल्यात. गवंडी माझ्या नावाने बोटं मोडत होता. का गं?"

"काही नाही. सहज."

आणि बराच वेळ ती फरशीकडे बघत उभी राहिली. पोळी तव्यावर करपली. इतक्या वर्षांत तिच्या हातून पोळी करपलेली मला आठवत नाही. तिलाही माझ्यासारखी कामाची फार धास्ती लागलीय.

१३ जानेवारी, सोमवार

जिंकलो!

सकाळी विचारलं, रेघा कशा आहेत? म्हणाली, "आता बऱ्या आहेत. सरळ आहेत. तुम्ही नका आता त्याच्यामागे लागू."

म्हणजे केबलच होती. बसायला एक दिवस लागला असेल. छाती फुगली. लेकीला फोन लावून सगळी कथा ऐकवली. ती परगावी नोकरी करते, तिच्या ऑफिसात असल्या कामाला वेगळी माणसं ठेवलेली आहेत. "बाबा, तुम्ही ग्रेट आहात," म्हणाली, आणि मग, "आई कशी आहे? परवा फोनवर आवाज बारीक वाटला."

"काही नाही, कोड्याचं टेन्शन. आता मिटलं सगळं."

फोन हिच्याकडे दिला. ती हसून बोलली. हसून बोलणारी माणसं फोन ठेवल्यावर जशी गप्प होतात तशी नंतर गप्प झाली.

१७ जानेवारी, शुक्रवार

पाहुणा वेगळ्या वेषात परत आलाय. आज मी बिलं बघायला कॉम्प्युटर लावला तर रेझोल्यूशन पुन्हा घसरलेलं, अक्षरं बोटाएवढी, आणि कोड्याची खिडकी स्क्रीनच्या पार उजव्या कडेला ढकललेली. मी सगळं जागेवर आणलं. संध्याकाळी बघतो तर पुन्हा तेच. जुना ड्रायव्हर सेटिंग विसरतोय, दुसरं काय.

"तू काही बदललंस का?"

"मी कशाला बदलू?" ती कपाटाकडे तोंड करून म्हणाली.

मला ठाऊक आहे ती कशाला हात लावत नाही. साधा आवाज कमी करायचा तरी मला हाक मारते.

मिशीबद्दल अजून चकार शब्द नाही. समोरच्या वहिनींनी गॅलरीतून ओळखलं, डबल गॅरंटीने तर "काका, तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं. त्याच वहिनी म्हणत होत्या, "काकू रागावल्यात का माझ्यावर? काल रस्त्यात हात केला तर सरळ पुढे गेल्या." म्हटलं, माझ्यावरही रागावलीय, तुम्ही एकट्या नाही.

१९ जानेवारी, रविवार

बंदोबस्त केला. डबल गॅरंटीने फोनवर सांगितलं तसं सगळं कुलूपबंद केलं. आता पासवर्ड दिल्याशिवाय स्क्रीनचं माप इकडचं तिकडे होणार नाही. ड्रायव्हर विसरेल तर विसरो, कुलूप विसरणार नाही.

ही बघत होती. म्हणाली, "पासवर्ड काय ठेवलात?"

"तुला काय करायचाय? तू तर काही बदलत नाहीस."

"नाही," ती म्हणाली. "मी नाही बदलत."

मग तिने माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या कानाकडे. हल्ली तोंडाकडे बघून बोलायचंच नाही असं ठरवलंय. मला खरोखर त्रास होतोय याचा. मी काय वाईट केलंय? तिच्यासाठीच तर चाललंय सगळं.

२२ जानेवारी, बुधवार

वाईट दिवस.

साप्ताहिकाच्या संपादकबाईंचा फोन आला. मागच्या आठवड्याच्या कोड्यात दोन काळी घरं भलत्या जागी पडली होती, त्यामुळे एक उभा शब्द मधोमध तुटला. वाचकांनी फोन करून भंडावून सोडलंय. बाई चांगल्या आहेत, त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडून असं कधी झालं नाही, म्हणून काळजी वाटली. दमला असाल तर थोडे दिवस सुट्टी घ्या, दुसऱ्या कोणाला तरी सांगू."

फोन ठेवून ही खुर्चीत बसली. हात मांडीवर, दोन्ही तळवे वर. मी म्हटलं, "अगं, यात तुझा काय दोष? ड्रायव्हरमुळे झालंय. मी स्वतः त्यांना फोन करून सांगतो."

"नको," ती म्हणाली. "फोन करू नका."

"मग उद्या दुसरा मॉनिटर आणतो. सोक्षमोक्ष लावूनच टाकू."

ती हसली. मला ते हसणं आवडलं नाही. लहान मूल मोडकं खेळणं दुरुस्त करून आणतं तेव्हा त्याच्याकडे बघून हसतात तसं होतं.

दुसऱ्या कोणाला तरी सांगू. हे शब्द मला दिवसभर टोचतायत. कोडी म्हणजे तिचं सगळं आहे. भाजी निवडतानासुद्धा तिच्या डोक्यात आडवे-उभे चालू असतात. मध्येच मला विचारते, "पाच अक्षरी, पाण्याशी संबंध?" आणि मी दर वेळी 'पंपहाउस' म्हणतो, आणि ती दर वेळी हसते. गेल्या कित्येक दिवसांत तिने मला एकही शब्द विचारलेला नाही, हे आज लक्षात आलं.

२३ जानेवारी, गुरुवार

डबल गॅरंटीकडून नवा कोरा मॉनिटर दोन दिवसांच्या बोलीवर आणला. मोठा, चकचकीत. जोडला, चालू केला, हिला बोलावलं.

"बघ. कशा आहेत रेघा?"

"हो," ती लगेच म्हणाली. "ह्याच्यावर अगदी सरळ आहेत. छान. हाच ठेवू या."

आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मी आनंदाने टेबलावर थाप मारली. मग स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीन नुसता निळा होता. कोडं मी अजून उघडलंच नव्हतं. त्यावर एकही रेघ नव्हती.

मला हे काही समजत नाही. लिहून ठेवतोय, पण समजत नाही. आज जेवण गेलं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी फिरायला गेलो आणि बाकावर बसून पंपहाउसवर करायचो तसं डोक्यात सगळं मांडलं. वीज ठीक. केबल बदलली. ड्रायव्हर बदलून पाहिला. मॉनिटर बदलला. भिंतीतल्या प्लगपासून काचेपर्यंत प्रत्येक गोष्ट तपासून झाली. माझा बिघाड जातो, तिचा राहतो. मग तपासायचं काय उरलं?

उठलो आणि जवळजवळ धावतच घरी आलो.

तिला खुर्चीत बसवलं. नव्या मॉनिटरवर कोडं उघडलं. तिला म्हटलं, "आज खरं सांगायचं. मी रागावणार नाही. रेघा कुठे लचकतात ते बोटाने दाखव."

तिने बोट मधोमध टेकवलं. मी कोड्याची खिडकी डावीकडे सरकवली. "आता?"

बोट डावीकडे गेलं.

"आता तिथे बघू नकोस. या वरच्या कोपऱ्याकडे बघ. आता कुठे?"

बोट वरच्या कोपऱ्यात गेलं.

बिघाड स्क्रीनमध्ये असता तर जागेवर राहिला असता. ड्रायव्हरमध्ये असता तर खिडकीबरोबर फिरला असता. हा तिच्या नजरेबरोबर फिरत होता. मी तिचा चष्मा काढला, माझ्या तळव्याने तिचा डावा डोळा झाकला. "आता?"

"लचकतात. मध्ये खूप."

मग उजवा झाकला. तिने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

"आता गं?"

"आता," ती म्हणाली, "मध्ये घरंच नाहीत. डाग आहे नुसता. कडेची तेवढी दिसतायत." आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं. "अहो, हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ. ह्या डोळ्याचं मला माहीत नव्हतं. मला वाटलं एकच बिघडलाय."

डावा आधीच गेला होता, आणि उजवा दोघांचं काम करत राहिला, म्हणून तिला पत्ताच लागला नाही. आता उजवाही चाललाय.

मग तिने सगळं सांगितलं. सुरुवातीला तिलाही खरंच कॉम्प्युटरच बिघडलाय असं वाटलं. मग फरशा वाकड्या दिसल्या, तेव्हा कळलं. तिच्या आईचं असंच झालं होतं. मधलं दिसेनासं होत गेलं, शेवटी दारात कोण आलंय ते आवाजावरून ओळखायची. तेव्हा कुठल्याच डॉक्टरकडे इलाज नव्हता. "मला वाटलं, कळून करायचंय काय? तोवर जितकी कोडी होतील तितकी करून घेऊ. आणि तुम्ही इतके रमला होता. इतक्या दिवसांनी तुम्हाला असं बघत होते. म्हटलं, करू देत दुरुस्ती."

अक्षरं मोठी तीच करत होती. खिडकी कडेला तीच ढकलत होती, कारण कडेचंच तेवढं तिला नीट दिसत होतं. आणि मी कुलूप लावलं. तिला चार घरं दिसण्याची जी सोय होती ती मी पासवर्ड घालून बंद केली, आणि वर विचारलं, तुला काय करायचाय.

रडलो. लिहायला लाज वाटत नाही. तीच मला म्हणाली, "पुरे आता, तोंड धुऊन या." नंतर शहाण्यासारखं दोघांनी बसून डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर शोधला. उद्याचीच वेळ मिळाली.

२५ जानेवारी, शनिवार

डॉक्टर तरुण बाई आहेत, लेकीच्या वयाच्या. त्यांनी तपासायच्या आधी एक कागद पुढे केला. त्यावर नुसत्या चौकटी आणि मधोमध एक ठिपका. ही म्हणाली, "हे तर माझंच कोडं. शब्द विसरलात घालायला." डॉक्टर हसल्या, मग तपासताना त्यांचं हसू गेलं.

मला समजलं ते असं: डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली बारीक रक्तवाहिन्या फुटून गळती होते, पडद्याला फुगवटा येतो, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. गळती मला समजते. आयुष्यभर तेच केलं. डाव्या डोळ्यातली गळती कधीच सुकून डाग धरून बसलीय, तिथे आता करण्यासारखं फारसं नाही. उजव्यातली ताजी आहे. डोळ्यात इंजेक्शन द्यायचं, दर महिन्याला. गळती थांबते. थांबली तर पुष्कळांना थोडं सुधारतंही. पण सुधारेल असं वचन त्या देणार नाहीत.

"तुमच्या आईंच्या वेळी हे औषध नव्हतं," त्या हिला म्हणाल्या. "आता आहे. तेवढ्यासाठी तरी लगेच यायला हवं होतं."

ही खाली बघून म्हणाली, "आमच्याकडे आधी कॉम्प्युटर दुरुस्त करायची पद्धत आहे."

परत येताना तिने माझा हात धरला होता. रस्ता ओलांडण्यापुरता धरला आणि मग सोडलाच नाही.

२७ जानेवारी, सोमवार

पहिलं इंजेक्शन झालं. तिला दुखलं नाही म्हणते. मी बाहेर बसलो होतो, मला दुखलं.

दुपारी ती पट्टी बांधून झोपली असताना माझ्या लक्षात आलं की तिने मिशीबद्दल का विचारलं नाही. रुसवा नव्हता, राग नव्हता. माझ्याकडे सरळ बघितलं की माझ्या तोंडाच्या जागी तिला काहीच धड दिसत नसणार. म्हणून ती माझ्या कानाकडे बघते. तिथून मी थोडा तरी दिसतो. आणि मी मनात म्हणत होतो, तोंडाकडे बघून बोलत नाही.

सांगावं असं मनात आलं. मग ठरवलं, नाही सांगायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आता बदलतोय तो उजवा डोळा. मिशी आहे तशीच ठेवायची, म्हणजे नाही तशीच. मी रोज सकाळी वरचा ओठ साफ करणार. लेकीलाही फोनवर बजावलंय, आल्यावर मिशीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. ती रडता रडता हसली.

५ फेब्रुवारी, बुधवार

कुलूप काढलं. अक्षरं मोठी केली, अगदी तिने केली होती त्याहून मोठी. पार्श्वभूमी काळी, अक्षरं पिवळी. खिडकी उजव्या कडेला. माऊसचा बाण एवढा मोठा की लांबून कावळा वाटावा. गोल अंडं दिसतो. दिसू दे.

संपादकबाईंना तिने स्वतः फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, कोडं दुसऱ्या कोणाकडे जाणार नाही, वेळ लागला तर लागू द्या. आता ही डोळे मिटून खुर्चीत बसते आणि बोलते, मी घरं भरतो. "तिसरी ओळ, पाचवं घर काळं. नाही, पाचवं. तुम्ही सहावं केलंत ना?" तिला न बघता कळतं. सगळी चौकट तिच्या डोक्यात आहे.

"पाच अक्षरी," तिने विचारलं, "पाण्याशी संबंध?"

'पंपहाउस' म्हणालो. ती हसली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुसरं इंजेक्शन. डॉक्टर म्हणाल्या, गळती कमी झालीय. रेघा? ही म्हणते, "झोल आहे, पण कपडे काढून घेतल्यावर दोरी जशी वर येते, तसं काहीसं." मी आशा धरायची नाही असं ठरवलंय. धरून बसलोय.

रोज सकाळी चहाला तिच्यासमोर बसतो, खिडकीचा उजेड तोंडावर येईल असा. ती कानाकडे बघते. मी काही बोलत नाही. तिला उगाच वाटायला नको की माझी परीक्षा चाललीय आणि ती नापास होतेय.

एकदा मनात आलं, कधीच दिसलं नाही तर? मग काय, मी मरेपर्यंत बिनमिशीचा, आणि तिच्या डोक्यात मात्र मिशीवाला. तेही चालेल. तिने मला कसंही पाहावं, पण पाहावं.

१६ मार्च, रविवार

आजचा शेरा सविस्तर लिहितो.

सकाळी चहा घेत होतो. लेक दोन दिवसांसाठी आली आहे, ती ओट्यापाशी उभी होती. ही कोड्याबद्दल काही सांगत होती, वरच्या ओळीत एक शब्द बसत नाही म्हणून. सांगता सांगता थांबली. तिची नजर माझ्या कानावरून सरकली, गालावर आली, आणि तिथे थांबली. कप हातात तसाच. डोळे बारीक केले, मान थोडी पुढे काढली.

"अहो," ती म्हणाली, "मिशी कुठे गेली?"

लेकीने तोंडावर हात दाबला.

"जानेवारीत गेली," मी म्हटलं.

"आणि मला आत्ता सांगताय?"

"मी कुठे सांगितलं? तू बघितलंस."

हात पुढे करून तिने माझ्या वरच्या ओठावरून अंगठा फिरवला, खातरजमा करायला. मग ती इतकी हसली की चहा सांडला, आणि हसता हसता रडली, आणि लेकीने आधी तिला मिठी मारली, मग मला.

"बरी नाही दिसत हो," डोळे पुसत ती म्हणाली. "परत ठेवा. आणि या वेळी कातरताना लक्ष द्या."

चाचणी संपली. उद्यापासून वरच्या ओठाला वस्तरा लावायचा नाही.